काथवटीतलं सोनं

माझी भाकरीची काथवट घेऊन हे नाल्यावर निघाले, त्या सकाळी आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे मी बोलले आणि यांनी ऐकून घेतलं. सागाची, रुंद, मळून मळून आतून गुळगुळीत झालेली लाकडी काथवट होती ती, माझ्या माहेरची. तिच्यात मळलेल्या पिठाची भाकर कधी फाटत नसे.

"हिच्यात रेती धुवाल तुम्ही?" मी विचारलं.

"परातीत जमत नाई. परातीचं बूड सपाट असते, जड माल थांबत नाई," असं म्हणून यांनी ती खांद्यावर टाकली आणि चालू लागले. मी दारात उभी राहून बराच वेळ बडबडत होते. शेजारच्या काकू बाहेर येऊन पाहायला लागल्या तरी थांबले नाही. पण खरं सांगते, बडबडतानाच मला बरं वाटत होतं. माणूस घराबाहेर पडला होता. सात महिन्यांत पहिल्यांदा आपल्या पायांनी, आपल्या मनानं कुठे तरी निघाला होता.

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, हिवरा आश्रमाच्या अलीकडचं. हे जातीनं सोनार आणि धंद्यानंही सोनारच. माझे वडीलही नावाला सोनार, पण ते शाळामास्तर. त्यामुळे लग्न होईपर्यंत मी फुंकणी आणि ऐरण जवळून पाहिली नव्हती. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. सकाळी हे तिथे शेगडी पेटवत, फुंकणी तोंडाला लावत, आणि मागे स्वयंपाकघरात मला त्या फुंकरीचा आवाज यायचा. तो आला की घर चालू आहे असं वाटायचं.

चीनच्या लढाईनंतर सरकारनं सोन्यावर बंधन आणलं. चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही, म्हणे. आता वऱ्हाडातली कोणती बाई चौदा कॅरेटची पोत गळ्यात घालणार होती? तिला ते पितळच वाटणार. एकेक गिऱ्हाईक तुटत गेलं आणि फाल्गुनापर्यंत शेगडी पार गार पडली. हे मात्र रोज सकाळी आंघोळ करून दुकानात जाऊन बसत. ऐरणीसमोर, मांडी घालून, रिकामे. हात मांडीवर ठेवलेले आणि ते हात थरथरायचे. ज्या हातांनी केसाएवढी तार ओढली, त्या हातांतला चहाचा कप बशीत वाजायचा. ताट दूर सारायचे. बोलणं तर बंदच. मी विचारलं, "काय होऊन राह्यलं तुम्हाले?" तर म्हणत, "काई नाई."

मला हे 'काई नाई' सहन होत नाही. रडा, ओरडा, मला दोन शब्द बोला. पण भिंतीसारखं बसणारं माणूस मला नको. मी स्वयंपाकघरातून दुकानात आणि दुकानातून अंगणात नुसत्या येरझारा घालायचे. कडेवरची पोर आमची तीन वर्षांची, तीही वैतागून खाली उतरायची.

तशात वैशाखात आम्ही साखरखेर्ड्याकडे एका लग्नाला गेलो. तिथे बायकांच्या पंगतीत मी ऐकलं की कुठल्याशा गावी एका सोनारानं तेजाब पिऊन जीव दिला. बायका सांगत होत्या, जेवत होत्या, कढी वाढा म्हणत होत्या. माझा हात पत्रावळीवरच राहिला.

तेजाब आमच्याही घरात होतं. सोनाराला ते लागतंच. सोनं खरं की खोटं पाहायचं तर कसोटीच्या काळ्या दगडावर घासून रेघ ओढतात आणि त्या रेघेवर काचेच्या काडीनं तेजाब लावतात. पितळेची रेघ हिरवी होऊन विरून जाते, सोन्याची तशीच राहते. दुकानाच्या कोनाड्यात, देवाच्या तसबिरीच्या बाजूला, काचेच्या बुचाची ती बाटली माझ्या सासऱ्यांच्या काळापासून उभी होती. पाच वर्षं मी तिच्याखालून केर काढला, पण तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. लग्नाहून परत आल्यावर मला घरात दुसरं काही दिसेनाच.

दुसऱ्या दिवशी हे दाढी करायला गेले आणि मी ती बाटली खाली काढली. उकिरड्यावर नेऊन ओतली. मातीतून धूर निघाला, नाकाडोळ्यांत झोंबला, खोकून खोकून जीव गेला. बाटली चार वेळा विसळली आणि आमच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी तिच्यात तेजाब होतं तेवढंच भरून ठेवलं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. प्यायचं पाणी आम्ही बाहेरून आणायचो; पाहुण्यानं चुकून हे घेतलं तर तोंड वाकडं करायचा. पण बाटली भरायला काय, कोणतंही चालतं. बूच घट्ट बसवलं, कोनाड्यात ठेवली. दिसायला काही फरक नव्हता. धंदाच बंद, तर ही उघडणार कोण, असा मी हिशेब केला.

तरी जिवाला स्वस्थता नव्हती. विहिरीवर गेले तरी कान दुकानाकडे. दिवसातून चार वेळा कोनाड्यावर नजर टाकायची. श्रावणाच्या शेवटी पाहिलं तर बाटली बोटभर कमी दिसली. तेजाब उडतं म्हणतात, तसं पाणीही उडत असेल, असं म्हणून मीच वरून भरून पूर्ववत केली. आणि इतक्या लहानशा गोष्टीवरून आपण बावचळतो म्हणून स्वतःवरच चिडले.

चिडायचा तो दिवसच होता. दुसऱ्या दिवशी पोळा. गावात बैलांचे खांदे शेकायची गडबड, आणि मी दुपारभर शेजारच्या पाटलांकडे कामाला. हे घरी एकटे. संध्याकाळी मी दमून आले, बाटलीचं ते पाणी भरलं, चूल पेटवली, भाकरी टाकल्या. जो माणूस कित्येक महिने अर्ध्या भाकरीवर उठत होता, त्यानं त्या दिवशी एक भाकर खाऊन दुसरी मागितली. आनंद व्हायला हवा होता की नाही? पण माझी जीभ ही अशी. मी म्हटलं, "काम ना धंदा, अन् भूक पाहा."

पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी ही काथवटीची कथा.

नाल्यात सोनं शोधायचं खूळ यांच्या डोक्यात कुठून आलं, ते मला ठाऊक होतं. दर वर्षी दिवाळीच्या आधी सोनझारी लोक येत. सोनाराच्या दुकानातला केर ते विकत घेतात, नाल्यावर नेऊन धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. म्हणून तर सोनाराच्या घरचा केर कधी बाहेर फेकायचा नसतो. लग्न होऊन आले तेव्हा मला पहिली गोष्ट तीच शिकवली होती. लहानपणी हे त्या लोकांजवळ तासन् तास बसलेले. काथवट कशी हलवायची, वरची माती पाण्यासोबत कशी सोडून द्यायची, बुडाशी काळी रेती राहिली की बोटानं कशी पसरायची, हे सगळं तिथेच शिकलेले. पण ते धुवायचे दुकानाचा केर. नाल्याच्या रेतीत सोनं असतं असं आमच्या भागात कधी कोणी ऐकलं नव्हतं. काळ्या दगडाचा मुलूख आमचा.

गावाला चेष्टेला विषयच झाला. "काय सोनारबुवा, आज किती शेर?" नाल्यावर बैल धुणारे विचारायचे. "आज अर्धा शेर," हे शांतपणे सांगायचे. मला वाटलं दोन दिवसांत कंटाळतील. पण पंधरा दिवसांत उलटंच झालं. रविवारी शाळेचे मास्तर आपलं घमेलं घेऊन यांच्याशेजारी बसायला लागले. मग पोस्टमन आला. कोणाला सोनं मिळेल असं वाटत नव्हतं, पण थंड पाण्यात पाय सोडून बसायचं, रेती हलवायची, चार गोष्टी बोलायच्या, याचा नाद लागला. एकदा मी भाकर घेऊन गेले तर यांचं हसणं मला वळणावरूनच ऐकू आलं. मी बाभळीखाली थांबले. हात पाहिले. काथवट गोल गोल फिरत होती आणि हात थरथरत नव्हते.

त्या दिवसापासून काथवटीसाठी भांडायचं मी सोडलं. परातीत पीठ मळू लागले. भाकरी फाटायच्या, फाटू देत.

असं सगळं जरा रुळावर येत होतं, तेवढ्यात यांना सोनं सापडलं.

भर दुपारी आले, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. तळहातावर ओल्या फडक्यात पाच-सहा पिवळे कण. खसखशीएवढे. "अवं, पाह्य," म्हणाले. मला काय कळतं त्यातलं? पिवळं दिसलं, चमकलं. मी म्हटलं, "खरं हाये काय?"

"कस लावून पाहू," म्हणाले, आणि दुकानात गेले.

मी मागोमाग गेले. यांनी कसोटी काढली, फडक्यानं पुसली. एक कण चिमट्यात धरून घासला. पिवळी रेघ उमटली. मग उठून कोनाड्यातली बाटली घेतली. मी दाराची चौकट धरून उभी. मला वाटलं, आता बूच काढतील, वास येणार नाही, आणि माझ्याकडे पाहतील. काय सांगायचं मी? तुम्ही जीव द्याल असं मला वाटलं, हे नवऱ्याला तोंडावर कसं सांगतात?

यांनी बूच काढलं. काचेची काडी बुडवली, रेघेवर फिरवली. थोडं थांबले. रेघ जशीच्या तशी.

"सोनं हाये," म्हणाले.

मी हसले. खरंच हसले, कारण चोरी पकडली गेली नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही हसले. इतका मुरलेला कारागीर, त्याला वास कसा नाही आला? मग मनाशी म्हटलं, इतके महिने कोरडे गेल्यावर माणसाला सोनंच दिसणार, त्याला नाकाचं भान कुठून राहणार?

पण त्याच्यानंतर जे दिवस गेले ते मला विचारू नका. रेघ पाण्यानं कशी पुसेल? लोखंडाची असती तरी टिकली असती. हे रोज दोन-चार कण आणायचे, डबीत टाकायचे. मी म्हणायचे, "वितळवून पाहा ना." म्हणजे निदान तिथे तरी खरं कळेल. तर म्हणत, "जमू दे जरा." मला राहवेना. एक दिवस पोरीला कडेवर घेऊन मी नाल्याच्या कडेकडेनं वर चालत गेले. अर्ध्या मैलावर तांबटांची दोन घरं आहेत. त्यांचं अंगण थेट नाल्यात उतरतं. तिथे एक म्हातारा पितळेच्या घागरीचा काठ कानशीनं घासत बसला होता, आणि कानशीचा कीस खाली सांडत होता. पावसानं धुऊन नेलेला तो कीस पाण्याच्या कडेला उन्हात चमकत होता. पोर म्हणाली, "आई, सोनं."

मी चिमूटभर उचलून पाहिलं; डबीतल्यासारखंच होतं.

आता सांगायचं कसं? सांगितलं तर दोन्ही सांगावं लागणार: सोनं पितळ आहे, आणि बाटलीत पाणी आहे. सोनाराला पितळ ओळखू आलं नाही, यापेक्षा मोठी नाचक्की नाही. पुन्हा ऐरणीसमोर जाऊन बसतील. पुन्हा ते हात. आणि न सांगावं तर? गावात कुणाला तरी दाखवतील. दोन दिवस मी तोंड उघडायचे आणि मीठ आणायचं आहे, पोरीला ताप वाटतो, असलं काहीबाही बोलून मिटायचे. चिडचिड इतकी वाढली की काकूंशी विनाकारण भांडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "उद्या खामगावले जाऊन येतो. डबी घेऊन."

संपलं. खामगावचा सराफा म्हणजे पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी पाहिलेले लोक. एक रेघ ओढतील, खरं तेजाब लावतील, रेघ हिरवी होऊन विरेल, आणि सगळी पेढी हसेल. मेहकरकडचा सोनार पितळ घेऊन आला. तिथून हे घरी येतील का, हाच एक प्रश्न माझ्या डोक्यात घणासारखा वाजत राहिला. बाटलीत पाणी भरून मी घर सांभाळलं होतं. खामगावला तर नदी होती, विहिरी होत्या, रेल्वेचे रूळ होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हे एस.टी.ला निघाले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी. "पोहोचवाले येते," मी म्हटलं आणि पोरीला उचललं. यांना नवल वाटलं, पण नको म्हणाले नाहीत. फाट्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. दगडावर बसलो. मी रस्त्याकडे पाहत होते, धूळ दिसली की आता बोलायलाच पाहिजे असं ठरवत होते. आणि धूळ दिसायच्या आतच तोंडातून निघून गेलं.

"जाऊ नका. ते सोनं नाई, पितळ हाये. तांबटाच्या घरचा कीस हाये तो. अन् बाटलीत तेजाब नाई, पानी हाये. म्या भरलं. म्या तुम्हाले फसवलं."

यांनी मग पिशवीतून डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "ठेव घरी. पोरीले खेळाले होईल."

"म्हंजे?"

"पितळ हाये हे मले पहिल्या दिवशी ठाऊक होतं. सोनाराच्या पोटी जन्मलो मी, हातात घेतल्या घेतल्या वजनावरून कळते."

मला इतका राग आला की मी डबी आपटणारच होते. "मंग तेजाब लावाचं सोंग काऊन केलं? मी मरून राह्यली होती इथं रोज."

"तू दारात उभी होती. काथवट नेली तवापासून तुह्यावाल्या तोंडावर हसू पाह्यलं नव्हतं. सोनं हाये म्हन्लं तर हसलीस." मग म्हणाले, "अन् मले त्या नाल्यावर जाऊन बसाचं होतं. हात सुधरून राह्यले होते."

"मंग आता खामगावले कायले चालले?"

यांनी मान खाली घातली. नाल्यावर बसणाऱ्या मास्तरांच्या ओळखीनं एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जागा होती, कापसाच्या काट्यावर. गाड्या तोलायच्या. हात स्थिर झाल्याशिवाय कोणी ठेवणार नव्हतं, म्हणून इतके दिवस थांबले होते. "गुंजा तोलणाऱ्यानं गाड्या तोलाच्या. तुले सांगाची लाज वाटली," म्हणाले. "सोनं विकाले चाललो म्हन्लं म्हंजे घरातून ताठ निघता येते."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. पोर माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. डोळे पुसले तेव्हा दूरवर धूळ दिसली. आणि मग मला एक गोष्ट सुचली, जी आधी सुचायला हवी होती.

"बाटलीत पानी हाये हे कधी कळलं तुम्हाले? कस लावला तवा?"

"नाई. त्याच्या आधी. पोळ्याच्या आदल्या दिवशी."

"वासावरून?"

हे उठले. धोतर झटकलं, टोपी नीट केली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नाई. मचूळ लागलं."

एस.टी. आली. हे चढले, खिडकीतून पोरीला हात केला, पोरीनंही केला. मी डबी धरून उभी होते. गाडी वळणाआड गेल्यावर मी पुन्हा त्या दगडावर बसले. त्या रिकाम्या घरात, मी पाटलांकडे असताना, यांनी ती बाटली तोंडाला लावली होती. बोटभर. आणि ती मीच, पाणी उडालं असेल म्हणून, परत भरून ठेवली होती.

पुढे नियम ढिले झाले, हे जिनातून परत आले, शेगडी पुन्हा पेटली. काथवटही घरी आली. तिच्या बुडाच्या चिरेतली काळी रेती कितीही घासली तरी निघाली नाही. आम्ही दोघं त्या दुपारविषयी पुन्हा कधी बोललो नाही. पण त्या दिवशी फाट्यावर बसल्या बसल्या मला त्याच दुपारनंतरची संध्याकाळ आठवली. हे ताटावर बसले होते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा यांनी दुसरी भाकर मागितली होती, आणि मी म्हटलं होतं, काम ना धंदा, अन् भूक पाहा. यांनी मान खाली घालून ती भाकर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली होती.